पुतळ्याचं पाणी

१९ जानेवारी २०१३, शनिवार

नाव माझं पडणार असेल तरच! — तोंडावर सांगितलं राधाकिशनला. साखर कारखान्याच्या ऑफिसातला माणूस. पांढऱ्या पँटीला एक सुरकुती नाही. अंगणातल्या बाजेवर बसताना आधी रुमाल टाकला. रुमाल धुळीसाठी की आमच्या वस्तीसाठी, ते त्यालाच ठाऊक.

काम मोठं आहे. कारखाना उभा केला ते भगवानराव, वारले त्याला सहा वर्षं झाली. त्यांचा अर्धपुतळा, सिमेंटचा, तीन फुटी. आठ मार्चला, महिला दिनी, कारखान्याच्या गेटसमोर बसवायचा. मुलगा विठ्ठलराव आता चेअरमन. त्यांना बापाचा पुतळा बाईच्या हातून करून घ्यायचाय. "पेपरात चांगलं दिसतंय, बाई," राधाकिशन म्हणाला. तासाभरात खरं बोलला ते एवढंच.

ज्ञानोबा होते तोवर या अंगणातून चौदा पुतळे गेले. बाबासाहेब, बुद्ध, दोन शिवाजी महाराज. गेवराईपासून परळीपर्यंत उभे आहेत. चौदाही पुतळ्यांचे डोळे, नाक, ओठ माझ्या हातचे. नवऱ्याचा हात जाड, त्याला धड जमायचं, चेहरा नाही. पण चौथऱ्यावर काय? 'शिल्पकार ज्ञानोबा'. मी कधी मागितलं नाही, त्यांनी कधी घातलं नाही. ते जाऊन नऊ वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते!

"पडंल की नाव. त्यात काय एवढं!" — राधाकिशन.

दारात सासू उभी. भिमाबाई. सगळं ऐकत होती. त्याची जीप वळायच्या आत बोललीच, "भगवान्याचं तोंड माज्या अंगनात न्हाई पायजे."

अंगण कोणाच्या कष्टावर सारवलं जातं, ते मी तिला सांगितलं.

२० जानेवारी

म्हातारी जेवली नाही. ताट झाकून ठेवलं, तर सकाळी त्यातली भाकरी कोंबड्यांपुढे! यंदा ज्वारी उगवलीसुद्धा नाही. पोत्यात आहे ती मागच्या सालची. आणि ही कोंबड्यांना घालते.

२२ जानेवारी

तिचा राग खोटा नाही. एकदा लिहून टाकते, म्हणजे रोज ऐकताना निदान डोकं उठणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात ही अठ्ठावीस वर्षांची. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. फोडता फोडता गाणं बांधलं. बाबासाहेबांची गाणी गाणाऱ्या आमच्या जलशातली रीत अशी, की गाणं ज्याचं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. कोणी चोरू नये म्हणून. हिनं घातलं —

भिमा सांगे बाई, दगडाला फोडा,
दगडाच्या पोटी पान्याचा ओढा.

कामावरच्या सगळ्या बाया म्हणायला लागल्या. भगवानरावांच्या कानावर गेलं. त्यांना कारखान्याचे शेअर गोळा करायचे होते. दोन वर्षं हिला बैलगाडीत घालून गावोगाव नेलं. ही गायची, माणसं जमायची, मग ते बोलायचे. हिचा गळा चालला, हिच्या हातचं पाणी चाललं नाही! त्यांचा तांब्या त्यांच्यासोबत, वर ताटली झाकलेली. कारखाना उभा राहिला. हिनं एक शेअर आपल्या नावावर मागितला, तर म्हणाले, "जमीन कुठंय तुमच्याकडं? ऊस कुठंय?" आणि पहिली मोळी टाकली त्या दिवशी कर्ण्यावर हिचंच गाणं — 'भगवान सांगे बाई'. अजून वाजतं. दर वर्षीच्या अहवालात पहिल्या पानावर छापतात. कारखाना गीत!

त्या दिवसापासून म्हातारीनं ते गाणं तोंडात घेतलं नाही. पुढं चाळीस वर्षं जलशात गायली. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी गायली, लोकांनी दगड मारले तरी गायली, डोक्याला टाके घालून दुसऱ्या गावाला गायली. हे एक गाणं नाही म्हणजे नाही.

बरं मग? तिचं नाव चोरलं म्हणून मी माझं सोडू?

आणि नावाचंच म्हणायचं, तर हिनं तरी माझं कधी घेतलंय? लग्न होऊन आले त्या आठवड्यात मला गायला लावलं. माझा गळा फुटक्या पत्र्याचा. तेव्हापासून मी 'ए', 'वो', फार तर 'ज्ञानोबाची बायकू'. 'मला गानारी सून पायजे होती,' असं सगळ्या वस्तीला सांगून झालं. सव्वीस वर्षं झाली. मनकर्णा म्हणून एक हाक नाही.

२७ जानेवारी

सळया वाकवल्या, कोंबडी-जाळी बांधली. हाताला सात ठिकाणी ओरखडे. म्हातारी ओट्यावर बसून बघते. मदत नाही. मी कशाला मागेन!

टँकर आता तिसऱ्या दिवशी. घरटी सहा हंडे. आमच्या दोन टिपाडांतलं एक कोरडंच असतं.

२ फेब्रुवारी

धड भरून झालं. मानेपाशी अडले. राधाकिशननं दिलेला फोटो शेवटच्या वर्षांतला आहे. फेटा, हार, मान ताठ, जणू जगावर उपकार करून बसलेत. फोटो खिळ्याला अडकवून काम करत होते. म्हातारी मागं कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"ही मान त्याची न्हवं."

"मग कोणाची?"

"चेअरमनाची हाय ही. शेअर मागाया यायचा तवा आशी न्हवती."

म्हटलं, दाखवा मग. चिडून म्हटलं. आणि तिनं दाखवली! पदर खांद्यावरून सारखा केला, मान जरा डावीकडं, जरा पुढं, हात जोडलेले, डोळे खालून वर. ओठ किंचित उघडे, 'न्हाई म्हनू नगा' म्हणायच्या आधीचे. क्षणभर माझ्या अंगणात तो माणूस उभा राहिला. पंचेचाळिशीतला, धुळीनं माखलेला, गरजवंत. मग पदर डोक्यावर ओढून म्हातारी परत म्हातारी झाली आणि खोकत ओट्यावर जाऊन बसली.

बाई अस्सल आहे, हे कबूल करावं लागतं. त्याचीच तर जास्त चीड येते.

दुपारी मानेची सळई लोखंडी पान्यात धरून वाकवली, जोडलेल्या हातांसाठी नव्या सळया बांधल्या. सगळं पुन्हा.

३ फेब्रुवारी

फोटो खिळ्यावरून काढून ठेवला. म्हातारीला दोनदा तसं उभं राहायला सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "मी काय तुजी माकडीन हाय का?" तरी उभी राहिली.

९ फेब्रुवारी

चेहरा झाला. झाला म्हणजे आलाच! खालची पापणी छोट्या करणीच्या टोकानं ओढली आणि तो बघायला लागला.

सिमेंट ओलं होतं तेवढ्यात मागं गेले. उजव्या खांद्याखाली, पाठीवर, खिळ्यानं कोरलं — मनकर्णा. खाली तारीख. पंधरावा पुतळा, पहिलं नाव. खिळा घसरला, म्हणून 'र्ण' वेडावाकडा आला. राहू दे.

ज्ञानोबा, बघा. असं लिहितात. चार अक्षरांना काही जागा लागत नाही.

१० फेब्रुवारी

आज वस्तीशी भांडण झालं.

सिमेंट घट्ट झालं की काम संपत नाही, तिथून पाणी मागतं. पंधरा दिवस अंगावर गोणपाट ओलं ठेवावं लागतं, नाहीतर तडे जातात. म्हणून कारखान्यानं वेगळा टँकर कबूल केला होता. आज आला. अख्खा टँकर, आमच्या दारात! ड्रायव्हर मोठ्यानं म्हणतो, "पुतळ्याचं पानी हाय, कुनी हात लावू नगा."

वस्तीतली सगळी भांडी बाहेर आली. जालिंदर पुढं. ग्रामपंचायतीला पडल्यापासून त्याला पुढारी व्हायची घाई आहे. "मेलेल्याला पानी आन् जित्या मान्सांनी जीभ चाटायची का बे?" ड्रायव्हरला बोलला, बघत होता माझ्याकडं. कडूबाई, माझी शेजारीण, दोन घरं सोडून, रोज माझ्याकडून विस्तव नेणारी, ती म्हणते, "कारखान्याची झाली बाई ही आता." मी पण सोडलं नाही. कोणाकोणाच्या घरात माझ्या हातचे बुद्ध आहेत, ते पाणी न मारता झाले होते का, विचारलं. जालिंदरला त्याच्या पडलेल्या मतांची आठवण करून दिली. घसा फुटेस्तोवर भांडले.

मग चार हंडे माझे भरले आणि नळी कडूबाईच्या अंगावर टाकली. न्या! म्हटलं, न्या, आणि तोंड दाखवू नका.

टँकर वीस मिनिटांत रिकामा. ड्रायव्हर जाऊन सांगणारच. दुसरा येत नाही आता.

१३ फेब्रुवारी

आला नाही. गोणपाट दुपारी एकला खडखडीत. हनुवटीखाली केसाएवढी रेघ दिसली! बोटानं चाचपली. वरवरची आहे, पण पाणी नाही मिळालं तर मानेपर्यंत जाईल. वाकवलेल्या मानेला तडा गेला तर सगळे हेच म्हणणार, बाईला जमलं नाही.

टिपाडात हातभर पाणी. ते प्यायचं.

शेवटी म्हातारीला म्हटलं, "आत्या, तुमच्या आंघोळीचं पाणी वाया जातं. न्हाणीच्या मोरीला बादली लावते. फक्त साबण लावू नका, सिमेंटाला डाग पडतात."

"बादली कशापायी?"

"पुतळ्याला."

वाटलं, आता तांब्या भिरकावते. मग तिचे खांदे हलायला लागले. हसत होती! दात तीनच उरलेत, ते तिन्ही दिसले.

"माज्या आंगूळीचं पानी? भगवान्याच्या डोसक्यावर?"

"हो."

"जल्मात माज्या तांब्याचं पानी प्याला न्हाई त्यो."

"माहीत आहे मला."

"लाव बादली."

१५ फेब्रुवारी

एरवी पाणी नाही म्हणून आठवड्यातून दोनदा आंघोळ करणारी, आता रोज करते. अर्ध्या बादलीत. मोरीचं पाणी मी फडक्यातून गाळते आणि गोणपाटावर शिंपडते. माझ्या आंघोळीचंही तेच. भांडी विसळल्याचं पाणी घेत नाही, तेलकट असतं.

१७ फेब्रुवारी

आज ती स्वतः तांब्या घेऊन गेली. फेट्यावर धार सोडली आणि म्हणाली, "घे, पी."

२१ फेब्रुवारी

राधाकिशन बघायला आला. टँकर लुटू दिला म्हणून आधी बोलून घेतलं. मग गोणपाट बाजूला केलं, तर चेहरा उतरला. त्याचा, पुतळ्याचा नाही.

"बाई, सायबाची मान वाकल्याली दिसतीय."

"वाकलेलीच आहे."

"सरळ करा की."

"सिमेंट आहे, कणीक नाही."

"सायेब आसे होते?"

ओट्यावरून म्हातारी बोलली, "आसेच होते. तू तवा जल्मला न्हवतास."

त्यानं घाम पुसला. मग खिशातून पत्र काढलं. आठ मार्चला कारखान्यातर्फे 'कर्तृत्ववान महिला कलावंत सन्मान'. एक मला, शिल्पकलेबद्दल. एक म्हातारीला, लोकगायनाबद्दल. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. 'प्रतिकूल परिस्थितीत कलेची ज्योत तेवत ठेवणाऱ्या', असं छापलंय. प्रतिकूल परिस्थिती कोणी आणली ते छापलं नाही. आणि म्हातारीनं कारखाना गीत म्हणावं अशी चेअरमनसाहेबांची इच्छा आहे म्हणे.

मला वाटलं, ती आता पत्र चुलीत घालते. तिनं घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. मला बघवेना.

१ मार्च

गोणपाट काढलं. बोटाच्या पेरांनी सगळीकडं वाजवून बघितलं. आवाज भरीव आहे, कुठं पोकळ नाही. हनुवटीखालची रेघ तिथंच थांबली. पुढं गेली नाही.

म्हातारी समोर येऊन उभी राहिली. तो मागतोय, ती बघतेय. म्हटलं, आता काहीतरी बोलेल.

"हां. ह्योच."

मग म्हणाली, "ए, च्या टाक."

४ मार्च

सकाळी टँकरच्या रांगेत होते. दोन तास. घरी आले तर अंगणात कारखान्याच्या शाळेतले चित्रकलेचे सर, गुडघ्यावर बसून. सोबत राधाकिशन. पुतळ्याला ब्राँझचा रंग द्यायला आलेले. द्या म्हटलं, ते तर ठरलंच होतं. मागं गेले, आणि...

पाठीवरचं नाव नाही! लांबी-पुट्टीनं भरून, घासून, गुळगुळीत केलेलं. वर रंगाचा एक हात मारून झालेला.

हंडा खाली ठेवला का पडला, आठवत नाही.

राधाकिशननं मोबाइलमध्ये चौथऱ्यावरच्या पाटीचा फोटो दाखवला. तयार होऊन आलेली. पितळी अक्षरं. 'शिल्पकार' — पुढं सरांचं नाव. "सरांकडं डिप्लोमा हाय, बाई. चेअरमनसायबाचे साडू हायत. उद्या कुनी इचारलं, मान आशी कावून, तर उत्तर द्याया शिकल्याला मानूस बरा."

"नाव पडेल म्हणाला होतात."

"तुमचा सत्कार हायच की!"

"पुतळा सरांनी केला, तर माझा सत्कार कशाबद्दल?"

विचार करायला लागला. खरंच करायला लागला! मग म्हणाला, "एकंदरीत."

"एकंदरीत म्हणजे?"

"एकंदरीत कलेबद्दल."

सरांनी ब्रश धुवायला पाणी मागितलं. पाणी!

ते गेल्यावर घण घेतला. लिहिताना लाज वाटत नाही, घेतला. एक घाव मानेवर, संपलं असतं. म्हातारी उठली, लंगडत आली आणि पुतळ्याला पाठ लावून खाली बसली.

"फोडू नगं. लई पानी प्यालंय त्यानं माजं."

"तुमचं काम झालं, पाणी पाजून झालं! माझं काय राहिलं त्यात?"

ती हलली नाही. सूर्य डोक्यावर आला तरी तिथंच. शेवटी घण मी टाकला. रडू आलं, ते तिच्यासमोर आलं, याचा जास्त राग आला.

५ मार्च

सत्काराला जायचं नाही. राधाकिशनला फोनवर सांगितलं. "बरं," म्हणाला. एवढंच. बरं!

६ मार्च

ती जाणार आहे!

नऊवारी काढली पेटीतून, काळी, लाल काठाची. जलशात नेसायची ती. उन्हात टाकली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, आठ तारखेला जीप येनार हाय.

सगळं बाहेर आलं माझं. तुमचं गाणं चोरलं त्यांच्या मांडवात शाल घ्यायला जाता? चाळीस वर्षांचा राग एका शालीत गेला? माझं नाव घासून टाकलं ते तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्ही इथंच होतात, एक शब्द बोलला नाहीत.

"शाल ऊबदार आसती," म्हणाली. मार्च महिन्यात!

मग वर आणखी म्हणते, "तुजं नाव लिवताना अक्षरं किती येत्यात गं?" थट्टा करते माझी. मी उठून चुलीशी गेले.

७ मार्च

सकाळी ट्रॅक्टर आला. उसाच्या चिपाडाच्या पोत्यांत बसवून नेला त्याला. वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. तोंड आमच्याकडंच होतं, हात जोडलेले. काय मागतोस बाबा आता! सगळं घेतलंस.

कडूबाई सांगत होती, मांडवात धूळ उडू नये म्हणून काल एक टँकर नुसता जमिनीवर सोडला. बचत गटाच्या सगळ्या बायांना एकाच रंगाच्या साड्या नेसून यायचा निरोप आहे. ती पण जाणार. जा.

संध्याकाळी न्हाणीतून आवाज आला. बारीक, घोगरा. ओळखायला वेळ लागला. लागणारच! सव्वीस वर्षांत या घरात ते गाणं कधी ऐकलं नव्हतं. दगडाला फोडा. चाल तीच. शेवटच्या कडव्याशी अडायची, मांडीवर बोटं मोजायची, पुन्हा पहिल्यापासून. कारखाना गीत घोकतेय! सत्काराच्या आदल्या दिवशी गळा साफ करतेय. भगवान सांगे बाई!

मी कानात पदराचे बोळे घातले.

८ मार्च, शुक्रवार

गेली. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेली. दारातून म्हणाली, "येतीस का?" मी भिंतीकडं तोंड केलं.

दिवसभर काही सुचलं नाही. अंगणात पुतळ्याच्या जागी सिमेंटाच्या पाण्याचा चौकोनी डाग होता, तो झाडून झाडून जाईना. कर्ण्याचा आवाज वाऱ्यानं तुकड्या-तुकड्यानं येत होता. आधी भाषणं. मग कोणीतरी गातंय असं वाटलं, मग एकदम गलका, मग खरखर आणि बंद. लाइट गेली असेल.

पाचच्या सुमाराला आली. चालत! तीन किलोमीटर, त्या गुडघ्यांनी, उन्हातून. काम झाल्यावर जीप कोण देतंय. अंगावर शाल नाही, हातात नारळ नाही. वाटेत कोणाला देऊन आली असेल. मोठेपणाची हौस जुनीच.

बोलले. राहवलं नाही. "मिरवून झालं? गाऊन झालं त्याच्या नावानं?"

ओट्यावर बसली. पायाच्या टाचा फुटलेल्या, रक्त आलेलं. म्हणाली, "गळा बसला गं. कोमट पानी हाय का वाईच?"

माठाकडं बोट दाखवलं. घ्या म्हटलं, हातानं.

तिनं घेतलं. प्याली आणि भिंतीला टेकून तशीच झोपली, काळ्या साडीत.

९ मार्च

टँकर आला. रांगेत मागं उभी होते, कोणाशी बोलायचं नव्हतं. पुढं बाया हंडे सरकवत गात होत्या. तेच गाणं. इथंही! निघून जावं वाटलं, पण पाणी सोडून कुठं जाणार. शेवटचं कडवं आलं.

मनकर्णा सांगे बाई, दगडाला घडवा,
दगडाच्या तोंडानं खरं ते बोलवा.

मला वाटलं, ऊन लागलं. कडूबाईचा दंड धरला. "हे कोणी शिकवलं?"

"तू न्हवतीस व्हय! भिमाबाईनं म्हनलं की काल, ष्टेजावर. कारखाना गीत म्हना म्हनले, तर पार शेवटपत्तूर म्हनलं, आन् शेवटाला तुजं नाव. दोनदा. दुसऱ्या टायमाला आमी समद्या उचलून म्हनलो. माईकच बंद केला त्यांनी. शाल तितंच टाकून आली बाई चालत. मुलखात झालं की गं तुजं नाव!"

सहा हंडे भरले. घरी आणले. म्हातारी ओट्यावर होती. टाचांना तेल चोळत. बघितलं नाही माझ्याकडं.

बादली भरून चुलीवर ठेवली. पूर्ण बादली. न्हाणीत नेऊन ठेवली, मोरीखालची बादली काढून घेतली.

"आत्या, उठा," म्हटलं. "पाणी तापलंय. आज साबण लावा."